कर्णधाराचा नारळ

१९६३च्या दसऱ्याला सकाळी पोशीरच्या हुतूतूच्या मैदानावर मंडळाचे आम्ही सातजण हजर होतो: अध्यक्ष, स्वतःचं भाताचं खाचर मैदानासाठी दिलेले आबा, कार्यवाह, तीन जुने खेळाडू आणि खजिनदार मी. शिल्लक एकशे अठरा रुपये. जमीन आबांची असली, तरी मैदान कोणा एकाचं नव्हतं. स्पर्धेच्या तिकिटांचा पैसा मुरूम, चुना, पेट्रोमॅक्सचं भाडं आणि पोरांच्या मलमपट्टीवर जाई. कोणाच्याही घरचा मुलगा फुकट खेळे.

दसऱ्याला मोसम सुरू होई. त्या दिवशी कर्णधारानं मैदानात नारळ फोडायचा, अशी रीत. त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला कर्णधार केलं होतं. आमच्या वस्तीतला तो पहिलाच. आम्ही छप्पन सालापासून बौद्ध; दसरा हा धम्मदीक्षेचा दिवस, म्हणून वस्तीतली वंदनाही त्याच सकाळी. ती आटोपून तो पांढऱ्या सदऱ्यातच धावत आला.

अध्यक्षांनी नारळ पुढे केला. भावानं हात जोडले. "तात्या, नारळ नाय फोडनार मी. आमी सोडलंय ते. मैदानाची माती कपाळाला लावतो नि पैली चढाई करतो."

"अरं, आज तुमचापन सन हाय ना? म्हनून तर मुद्दाम तुला मान दिला!"

"मान घेतला की. नारळ तेवढा नको."

एक जुना खेळाडू म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं नारळ. सामन्यात कळंबवाल्यांची डोकी फोड, म्हंजे झालं!" सगळे हसले. अध्यक्षांचा हात तसाच पुढे होता, आणि कडेला अर्धा गाव उभा होता.

"मी फोडतो, पोराला खेळू द्या," आबा म्हणाले.

"कर्नधारच फोडतो. न फोडील तो कर्नधार नाय," अध्यक्ष म्हणाले.

भाऊ शांतपणे म्हणाला, "मंग नारळासाठी काढलं, असं सगळ्यांम्होरं सांगा."

कोणी बोललं नाही. मीही नाही. त्यानं वाकून मैदानाची माती कपाळाला लावली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतली नऊ पोरं यायची थांबली. सरावाला समोर दुसरा संघच उरला नाही. त्या मोसमात आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. मी दोनदा अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "त्याला म्हनावं, ये." पण कर्णधार म्हणून की नुसता खेळायला, ते सांगेनात. भाऊ घरी माझ्याशी सगळं बोले, हुतूतूचं सोडून. संध्याकाळी खेळाच्या वेळेला तो ओट्यावर बसून राही.

पावसाळ्यात आबांनी ओस पडलेल्या खाचरात पुन्हा भात लावला. त्यांना दोष देता येत नाही. भावाला खोपोलीच्या एका कारखान्यात काम लागलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मंडळाचा बनियन आणि चड्डी धुऊन, घडी करून माझ्यापुढे ठेवली. कपडे परत केले की खेळाडूला अनामत परत मिळे. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, मंडळाचा पैसा आहे, मला ठेवता येत नाही.

तीन रुपये. माझ्या भावाला दिले.