मुक्ताच्या चौदाव्या पानावरची फुलं

अक्काचे हात तिच्या आधी गेले.

आज वर्ष झालं तिला जाऊन. तिच्याविषयी लिहायचं लिहायचं म्हणत होतो, जमत नव्हतं. आज लिहितोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वैशालीअक्का, माझी थोरली बहीण. सोलापुरात एका शाळेत क्राफ्ट टीचर होती. मी होटगीला रेल्वेत, ट्रॅकवर.

तिची एकुलती एक मुलगी मुक्ता. मुक्ता झाली तेव्हापासून अक्का तिच्यासाठी एक अल्बम करायची. दर वाढदिवसाला एकच पान.

पान म्हणजे नुसता फोटो डकवला असं नाही. खाली जाड कार्डशीट. त्यावर कडा हातानं फाडलेला रंगीत कागद. त्यावर लेसचा तुकडा. मग फोटो. आणि फोटोच्या कोपऱ्याला स्वतः केलेली कागदाची फुलं.

थरावर थर. बोट फिरवलं की पान उंचसखल लागायचं.

अशी तेरा पानं झाली.

मग एक दिवस वर्गात तिच्या हातून कात्री पडली. दुसऱ्या दिवशी परत पडली. मग साडीची पिन लागेना. मग पेन धरवेना.

डॉक्टरांनी दाजींना आणि मला आत बोलावलं. नसांचा आजार. हळूहळू सगळं अंग जाणार, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत.

"औषधं देऊ. पण हे बरं होणारं नाही," म्हणाले.

दाजींनी फाईल बंद केली. परत उघडली. परत बंद केली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी गेलो, तर अक्का खुर्चीत बसून माझीच वाट बघत होती.

"हितं बस. कात्री घे."

"कशाला?"

"मुक्तीचं पान करायचंय."

"अगं, तिलाच सांग की. तिचे हात चांगले हायत."

"तिचं पान तिनंच करायचं व्हय रे? तू कर. मी सांगते."

माझे हात कसे, तर पाना-हातोडा धरणारे. खडी उपसणारे. त्या हातांत तिनं गुलाबी कागद दिला.

कागदाचा गोल कापायचा. तो चकलीसारखा फिरत फिरत आतपर्यंत कापायचा. मग बाहेरच्या टोकापासून गुंडाळत आणायचा. झाला गुलाब. सांगायला एवढंच आहे.

माझं पहिलं फूल बघून अक्का म्हणाली, "गुलाब हाय का कोबी?"

आत भांडी लावणारी मुक्ता जोरात हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

"लई आवळतोस तू. जरा ढिल्लं सोड की. आपोआप उमलतंय."

मग दर रविवारी मी तिथं. ती सांगणार, मी करणार. दहातली आठ फुलं नापास.

फोटोवरून आमचं भांडण झालं. मी म्हणालो, तुझा आणि मुक्ताचा एकत्र फोटो लावू. तिनं नाहीच म्हटलं.

"पान तिचं हाय. मी खुर्चीतली कशाला त्यात?"

शेवटी मुक्ताचा एकटीचा लावला. शाळेच्या सायन्स एक्झिबिशनमधला, हातात बल्बचं मॉडेल घेतलेला.

तोवर तिचं बोलणं जड व्हायला लागलं होतं. आधी आम्हाला कळेना, पण मुक्ताला कळायचं. ती आम्हाला सांगायची, आई असं म्हणतीय.

मग एक दिवस मुक्ताच म्हणाली, "आई, परत बोल ना."

तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शेवटच्या रविवारी पान जवळजवळ झालं होतं. सहा फुलं चिकटली होती. सातवं, पांढरं, माझ्या तळहातावर होतं.

अक्का काहीतरी म्हणाली. मला फक्त "खा" ऐकू आलं.

"खाली लावू?" तिनं डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे नाही.

"खालचा कागद बदलू?" नाही.

"काय खायचंय का तुला?" नाही.

मुक्ता क्लासला गेली होती. दाजींना फोन लावला, स्पीकर तिच्या तोंडाशी धरला. ती परत बोलली. त्यांनाही कळलं नाही. अक्षरांचा तक्ता धरला, एकेक अक्षरावर बोट ठेवत गेलो. अर्ध्यातच ती दमली.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला ते पुसता येत नव्हतं. मी पुसलं. माझ्याच्यानं तेवढंच झालं.

"असू दे अक्का. पुढच्या रविवारी बघू."

गुरुवारी पाणी पिताना तिला ठसका लागला. ते पाणी छातीत गेलं. शनिवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये ती गेली.

अकराव्या दिवशी मुक्ताचा वाढदिवस. मी पान तिच्या हातात दिलं. पांढरं फूल सुटंच होतं.

"हे का नाही चिकटवलं, मामा?"

मी झालं तसं सांगितलं.

"मग आई काय म्हणाली होती?"

"कळलं नाही गं मला."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते फूल पानावर इथं ठेवून बघितलं, तिथं ठेवून बघितलं. मग एका पाकिटात घालून पानामागं सरकवलं.

तिचा वाढदिवस आता परत जवळ आलाय. मागच्या आठवड्यात मी विचारलं, पंधरावं पान करू का?

"कर की. मी फोटो काढून ठेवते." जरा थांबून म्हणाली, "पण मामा, चुकलं तर सांगायचं कुणी?"



आज जेवणं उरकल्यावर, अक्काच्याच घरी बसून मी फुलं केली. नऊ झाली.

मुक्ता म्हणाली छान आहेत. दाजी म्हणाले छान आहेत.

आता सगळेच छान म्हणतात.

अक्का, तुझ्या धाकट्या भावाचा तुला नमस्कार.