झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत

मैत्रिणी जमल्या की मला विचारतात, "वैशे, तुझ्याकडं रोज एवढे किस्से येतात कुठून गं?" कुठून म्हणजे? दारातून येतात! हातात मिक्सरचं भांडं, डोक्यावर परभणीचं ऊन आणि तोंडात शिवी घेऊन सरळ माझ्या कौंटरवर येतात. एक ऐकून होत नाही तोवर दुसरा पायरी चढत असतो.

आमचं सर्व्हिस सेंटर आहे. फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन, मिक्सर, सगळं दुरुस्तीला येतं. कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी करायची आहे अजून. कौंटरवर मी असते, म्हणजे पहिली शिवी माझी. मागं वर्कशॉपमध्ये अन्वरभाई, आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. आणि बाजूच्या काचेच्या केबिनमध्ये गिरीश सर, आमचे मॅनेजर.

पूर्वी मी हे किस्से घरी हसत सांगायचे. आता सांगायला लागले की आवाज चढतो. परवा नवरा म्हणाला, "अगं, मी कस्टमर न्हाई! माझ्यावर कामून ओरडायलीस?"

*

मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं पुण्याहून एक ट्रेनर मॅडम पाठवल्या. विषय होता एम्पथी.

"एम्पथी म्हणजे काय, कोण सांगेल?"

अन्वरभाईंनी हात वर केला. "हमदर्दी."

"एक्सलंट!" मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी हमदर्दीची तीन वाक्यं आम्हाला पाठ करायला दिली. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' 'मी आपली अडचण समजू शकते.' 'आपल्या संयमाबद्दल धन्यवाद.' म्हणायच्या आधी एक श्वास घ्यायचा, आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा.

अन्वरभाईंनी पुन्हा हात वर केला. "मॅडम, कूलरच्या मोटारी कधी येणार?"

"स्पेअर पार्ट हा आपल्या सेशनचा विषय नाही," मॅडम म्हणाल्या. खालच्या पट्टीत!

मॅडम गेल्या आणि दुपारी पाथरीकडचा एक माणूस आला. कूलरची जळालेली मोटार पिशवीत घालून, एसटीत मांडीवर धरून आणलेली. अशा खेपा त्यानं आधीही केल्या होत्या. मी श्वास घेतला आणि पहिलं वाक्य म्हटलं.

तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, पुन्यांदा म्हना."

मी पुन्हा म्हटलं. त्यानं खिशातून मोबाइल काढून माझ्या तोंडासमोर धरला.

"आता ह्याच्यात म्हना. घरी लेकरं उकाड्यानं तळमळायलेत, त्यायला ऐकवतो. तुमच्या बोलण्यानं गार वाटलं तर कूलर तुमीच ठिवा!"

*

दत्तराव टेलर जन्मापासून मुके आणि बहिरे. हात मात्र असा की शहरातल्या निम्म्या बायका ब्लाउज त्यांच्याकडंच शिवतात. त्यांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला. वॉरंटीत होता, काही अडचण नव्हती. पण कंपनीचा नवा नियम आला होता. मोठा पार्ट बदलायच्या आधी हेड ऑफिसचा फोन येणार, आणि ज्याच्या नावावर बिल आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणायचं.

दत्तराव बायकोला, सुमनबाईंना, घेऊन कौंटरवर आले. फोन आला. सुमनबाईंनी स्पीकर लावला.

"नमस्कार, दत्तराव सर बोलत आहेत का?"

"न्हाई, मी त्यांची मंडळी."

"मॅडम, मला कस्टमरशीच बोलावं लागेल."

"त्यांना बोलता येत न्हाई ओ. ऐकूबी येत न्हाई. मुके हायेत जन्मापासून."

पलीकडं एक श्वास घेतलेला ऐकू आला. "मी आपली अडचण समजू शकते, मॅडम. मग ते बोलायला कधी अव्हेलेबल होतील?"

"पुढच्या जन्मी!" सुमनबाई म्हणाल्या.

"ठीक आहे मॅडम, मी कॉल रिशेड्यूल करते."

आणि खरंच केला! दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा कौंटरवर, पुन्हा तोच फोन, तेच प्रश्न. शेवटी सुमनबाईंच्या मोबाइलवर मेसेज आला, 'ग्राहकाशी संपर्क होऊ न शकल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' मी केबिनमध्ये जाऊन सरांपुढं तो मोबाइल आपटला. सर म्हणाले, "सिस्टीम आहे वैशाली. आपल्या हातात काय आहे?"

अन्वरभाई हात पुसत वर्कशॉपमधून बाहेर आले. "हेड ऑफिस को फोन लगाव," मला म्हणाले. लावला. त्यांनी रिसीव्हर घेतला आणि घसा खाकरला. "हौ. मैं दत्तराव बोलरा. हौ. बदलो बदलो. हौ."

"थँक यू सर," फोनवरची मुलगी म्हणाली, "आज आपल्याशी बोलून खूप छान वाटलं."

दत्तराव समोरच उभे होते. काय झालं ते सुमनबाईंनी खुणेनं सांगितलं. आधी अन्वरभाईंकडं बोट, मग दत्तरावांच्या छातीवर बोट, मग तोंडासमोर हाताची उघडझाप. दत्तराव पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही. जो माणूस बोलू शकत नाही, त्याच्याशी बोलून छान वाटलं म्हणे!

*

एकदा वरून आदेश आला की गिऱ्हाइकांचा वेटिंग टाइम कमी करा. वरचे साहेब कॅमेऱ्यातून आमचा हॉल बघतात. खुर्च्यांवर माणसं बसलेली दिसली की फोन येतो, 'परभणीत गर्दी फार दिसते.'

गिरीश सरांनी काय करावं? माणसं वाढवावीत, पार्ट लवकर मागवावेत. त्यांनी खुर्च्या काढल्या! खुर्ची नाही म्हणजे कुणी बसलेलं नाही, म्हणजे कुणी थांबलेलं नाही. कॅमेऱ्यात हॉल कसा मोकळा मोकळा! लोक बाहेर उन्हात नाहीतर भिंतीला टेकून.

अशात एक बाई आली, दिवस भरत आलेले. मिक्सर घेऊन एकटीच. नवरा कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला, सासू मिक्सर उचलू शकत नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर असं करत बराच वेळ उभी राहिली. मग नव्या कॉम्प्रेसरचं खोकं दिसलं, त्यावर टेकली.

सर केबिनमधून धावत आले. "ओ बाई, उठा तिथून! डॅमेज होईल!"

ती उठली नाही. सरांकडं बघत म्हणाली, "साहेब, मी बसल्यानं खोक्याला काय व्हायचं न्हाई. मी उभी राहून जे व्हईल, त्याची वॉरंटी देता का?"

सर परत केबिनमध्ये गेले. मी माझी खुर्ची तिला दिली आणि संध्याकाळपर्यंत उभ्यानं काम केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, खुर्च्या परत येणार.

"वैशाली," ते म्हणाले, "स्टाफची खुर्ची कस्टमरला देता येत नाही. वर दिसलं ते."

वर हेच दिसलं!

*

गिऱ्हाईकंसुद्धा काही कमी नसतात, हेही सांगायला पाहिजे. एक दिवस पांढरे कपडे, काळा गॉगल, मागं दोन माणसं, असा एक गृहस्थ रांग तोडून पुढं आला. रांगेत एक म्हातारी होती, तिला कोपरानं बाजूला केलं त्यानं. तिथंच माझं डोकं फिरलं.

"टोकन घ्या दादा," मी म्हटलं.

"टोकन? ओळखलं नाहीस का मला?"

"नाव सांगा, शोधते."

त्यानं छाती काढून पूर्ण नाव सांगितलं. मी एकेक अक्षर टाइप केलं आणि स्क्रीन त्याच्याकडं वळवली.

"नो रेकॉर्ड फाउंड," मी मोठ्यानं वाचलं.

सगळा हॉल हसला. म्हातारी सगळ्यात जोरात!

*

हा पुढचा मी कुणाला फारसा सांगत नाही.

अन्वरभाई ताडकळसला एका घरी फ्रीज दुरुस्त करायला गेले होते. आमच्याकडं पद्धत अशी, की काम झालं किंवा नाही झालं तरी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो टेक्निशियननं घेऊन सिस्टीममध्ये टाकायचा, तेव्हा कॉल, म्हणजे ती तक्रार, बंद होतो. कॉल उघडा राहिला की ब्रँचचा रिपोर्ट लाल होतो.

अन्वरभाई पोचले तर दारात माणसं बसलेली. सकाळीच घरधनी गेला होता. ज्यानं तक्रार केली, तोच. काही आजार नाही, काही नाही, अंघोळ करून आला आणि बसल्या जागी गेला.

अन्वरभाईंनी पाना-पकडीची बॅग भिंतीशी ठेवली. ओळख ना पाळख, पण माणसं कमी होती, म्हणून बाहेर पाण्याचे हंडे भरून ठेवले. पाहुण्यांच्या गाड्या लावून घेतल्या. आत म्हाताऱ्या आईला चक्कर आली तर डॉक्टरला मोटारसायकलवर बसवून आणलं. माती झाल्यावरच निघाले. सेंटरला आले तेव्हा चेहरा काळवंडलेला आणि चपलांना स्मशानातली माती.

सर केबिनच्या दारात उभे होते. "अन्वरभाई, दिवसभर एकच कॉल? ओटीपी आणला का?"

"साब, जिसका फ्रीज था, वो गुजर गया. आज सुबह."

"अरेरे," सर म्हणाले. खरंच म्हणाले, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "पण मोबाइल तर घरातच असेल ना?"

अन्वरभाई तसेच वळले. नळावर गेले आणि पाय धूत राहिले. पाय स्वच्छ झाले तरी धूतच राहिले.

त्या महिन्यात आमचा रिपोर्ट लाल आला. मला आयुष्यात कुठल्या मार्कांचा इतका अभिमान वाटला नव्हता!

*

आता शेवटचा.

कंपनी कधीकधी खोटं गिऱ्हाईक म्हणून आपलाच माणूस पाठवते. साध्या माणसासारखा येतो, आपण कसं वागतो ते बघतो आणि वर कळवतो. सरांना नांदेडच्या ब्रँचमधून आतली बातमी मिळाली, 'उद्या तुमच्याकडं येतोय. कपड्यांवर जाऊ नका.'

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते जिंतूरकडचा एक म्हातारा. धोतर, टोपी, फडक्यात बांधलेला जुना मिक्सर. मिक्सर आमच्या कंपनीचा नव्हताच! मी सांगणार, तेवढ्यात सर केबिनमधून उठून आले. चक्क हात जोडून.

"या बाबा, आत या. उन्हाचे आलात."

त्यांनी म्हाताऱ्याला केबिनमध्ये बसवलं. स्वतःच्या हातानं गार पाणी दिलं. मग विचारलं, "काय अडचण झाली, सावकाश सांगा."

काचेतून मला सगळं दिसत होतं, दार उघडं असल्यानं ऐकूही येत होतं. म्हातारा म्हणाला, "म्हातारीच्या तोंडाचं आपरेशन झालंय साहेब. काय चावता येत न्हाई. समदं पातळ करून पाजावं लागतंय. मिक्सर बंद पडला आन् कालपासून ती नुस्त्या दुधावर हाय. हितं चार दुकानं फिरलो, कुणी हात लावंना."

सर पुढं सरकून बसले. "आईंना काय आवडतं खायला?"

"मुगाची खिचडी," म्हातारा म्हणाला, आणि रडायलाच लागला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो शांत होईपर्यंत काढला नाही. मग अन्वरभाईंना बोलावून हातातली सगळी कामं थांबवली आणि तो परक्या कंपनीचा मिक्सर चालू करून घेतला. जाताना स्वतःच्या स्कूटरवर म्हाताऱ्याला बसस्टँडवर सोडून आले.

मी नोकरीला लागल्यापासून असं काम बघितलं नव्हतं. खरंच सांगते, मला भरून आलं.

संध्याकाळी नांदेडहून फोन आला. खोट्या गिऱ्हाइकाचा दौरा रद्द झाला होता, आमच्याकडं कुणी आलंच नव्हतं. सरांनी फोन आदळला. "सगळा दिवस फुकट गेला!"

आठवड्याभरानं म्हातारा पुन्हा आला. हातात ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. तोंडभर हसत मला म्हणाला, "म्हातारी खायलीय आता. साहेबांला द्यायचंय हे. त्यांच्याच हातात देतो."

तेवढ्यात सर फोनवर बोलत बाहेर आले. म्हातारा पुढं झाला, पिशवी पुढं केली. सरांनी त्याच्याकडं बघितलं न बघितलं, फोनवर हात ठेवला.

"टोकन घ्या आणि बाहेर थांबा. आणि दुसऱ्या कंपनीचं काही असेल तर आम्ही घेत नाही."

केबिनचं दार लागलं.

म्हातारा काचेतून बराच वेळ सरांकडं बघत राहिला. मग कौंटरवर वाकून मला हळूच म्हणाला, "बाई, तोंड तसंच हाय. पर हे ते साहेब न्हाईत. ते कव्हा येतेत ड्युटीवर?"

मी माझी खुर्ची त्याच्यापुढं सरकवली.

"मला काय घाई न्हाई," तो म्हणाला. "ते येऊस्तोवर थांबतो."