ऐन पावसाळ्यातली कोरडी शेड

बदलापूरला निवडुंग वाढवणं हा मूर्खपणा आहे, असं मला आजवर इतक्या जणांनी सांगितलंय की मीही ते मान्य करून टाकलंय. पावसाळ्याचे चार महिने इथे कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि तळलेला पापड ताटात पडेपर्यंत मऊ होतो. अशा गावात वाळवंटातली झाडं कोण पाळतं? मी पाळते. बेलवलीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवर, कोपऱ्यात, माझी शेड आहे. तिच्यात काटेरी निवडुंगांच्या आणि गुबगुबीत पानांच्या सक्युलंटच्या मिळून दोनशेच्या वर कुंड्या आहेत.

सुरुवात विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या एका हातगाडीवर झाली. हिरव्या खुंटावर लाल गोळा बसवलेलं एक निवडुंग मी हौसेनं घरी आणलं आणि खिडकीत ठेवलं. जुलैत त्याला बोट लावलं, तर बोट आत गेलं. मला वाईट वाटण्याऐवजी राग आला. एखादी गोष्ट जमत नाही असं दिसलं की मी हात धुऊन तिच्या मागे लागते, हा माझा स्वभाव. पुढचे तीन पावसाळे मी झाडं आणली आणि मारली. नर्सरीतल्या लाल मातीत ती कुजतात हे कळल्यावर वीटभट्टीवरून विटांचा चुरा आणला, भाताचं तूस जाळून त्याची काळी राख मिसळली, जाड रेती घातली. शेडसाठी प्लॅस्टिकचा कागद उल्हासनगरच्या बाजारातून आणला. “मॅडम, बारिश रुकेगी, धूप नहीं रुकेगी,” असं दुकानदार म्हणाला होता आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. नवऱ्यानं दोन रविवार खर्चून पाइपचा सांगाडा उभा केला. वर कागद, खाली वीतभर उंच फरशीचा ओटा, बाजूंनी वारा खेळायला मोकळी जागा.

सगळ्यात मोठा धडा मात्र पाण्याचा होता. मृग लागला की पाणी बंद. थेट कोजागिरीपर्यंत एक थेंब नाही. झाडं आकसतात, सुरकुततात, मरायला टेकल्यासारखी दिसतात, पण मरत नाहीत. मी अंबरनाथच्या एका औषध कंपनीत स्टोअर्स सांभाळते, त्यामुळे नियम म्हणजे नियम. हा नियम पाळायला लागल्यापासून माझं एकही झाड पावसाळ्यात गेलं नव्हतं.

गेल्या जुलैत चौथ्या मजल्यावरच्या काकांचा हॉल गळायला लागला. काका मूळचे इथल्याच एका गावचे, भाताची शेती केलेले, आता मुलाकडे राहतात. रोज सकाळी पावसानं उसंत दिली की गच्चीवर फेऱ्या मारतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी मोबाइलवर छताचा फोटो दाखवला. भलामोठा ओला डाग. सेक्रेटरींनी तो पाहिला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी, तुमच्या कुंड्यांचं पाणी मुरतंय स्लॅबमध्ये.”

“मी पावसाळ्यात पाणी घालतच नाही,” मी म्हणाले.

सगळे हसले. चार महिने पाण्याशिवाय झाडं जगवणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मग एकीनं काटेरी झाडं डोक्यावर असली की बिल्डिंगमध्ये भांडणं होतात असंही सांगून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, “या ना सगळे. रविवारी वर या आणि एकेक कुंडी तपासा. ओली सापडली तर मी स्वतः शेड उतरवते.” सेक्रेटरींनी लगेच तसं रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

घरी आल्यावर नवरा एवढंच म्हणाला, “नीट बघून बोलायला हवं होतंस.” मी कुकर लावायला आत गेले. कारण दोन आठवड्यांपासून एक गोष्ट मी त्याच्यापासूनही लपवली होती. शेडच्या एका टोकाच्या रांगेतली झाडं बुडाशी पिवळी पडत होती. माती ओलसर लागत होती. मी स्टूल लावून कागदाचा इंच न् इंच तपासला, शंका आली तिथे टेप मारली, तरी ओल जाईना. सात झाडं मऊ झाली होती. पाणी कुठून येतंय, मला खरंच कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी वर गेले. त्या रांगेतल्या सगळ्या कुंड्या सात-आठ फेऱ्यांत खाली घरात नेता आल्या असत्या. दोनशेतून पंधरा कमी झाल्या तर कोणाच्या बापाला कळलं असतं? मी दोन कुंड्या उचलल्यासुद्धा. जिन्यापर्यंत आले आणि स्वतःचीच लाज वाटली. आठ वर्षं मेहनत घेऊन मी ही झाडं चोरासारखी का लपवायची? परत जाऊन कुंड्या जागेवर ठेवल्या.

रविवारी सकाळी सहाजण वर आले. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता आणि नुकताच थांबला होता. गच्चीवर जागोजागी पाणी साचलेलं. सेक्रेटरींनी पँट दुमडली, शेडमध्ये आले आणि पहिल्याच कुंडीत बोट खुपसलं. बोटाला कोरडा चुरा लागला. दुसऱ्या कुंडीत घाईनं हात घातला तेव्हा काटा लागला आणि ते ओरडले. मी मनातल्या मनात त्या झाडाची पाठ थोपटली. मग सगळेच तपासायला लागले. कुंड्या उचलून खाली पाहिलं, तर फरशीवर धूळ. बाहेर सगळीकडे डबकी आणि इथे चालताना चपलेखाली धूळ उडतेय.

“कमाल आहे,” कोणीतरी म्हणालं. मीटिंगमधली काट्याभांडणवाली बाई एका सुरकुतलेल्या गोळ्याकडे बघून, “हे जिवंत आहे?” असं विचारत होती.

मग सेक्रेटरी शेवटच्या रांगेपाशी पोचले. त्यांनी बोट घातलं आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. चिखल.

“वहिनी, हे काय?”

नवरा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आठ वर्षांची मेहनत गेली, असं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात मागून काका पुढे आले. हातात फिरायला येताना आणतात ती पाण्याची बाटली. “ती रांग होय? तिला पाणी मीच घालतो,” ते अगदी अभिमानानं म्हणाले.

“तुम्ही?” सेक्रेटरींचा आवाज चिरकला.

“मग काय करू? फेरी मारताना रोज दिसतात, पार सुकून गेलेली बिचारी. ही बाई ऑफिसला जाते, तिला वेळ नसेल. बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकायचं म्हणजे पाप. घालतो झाडांना. माझा जन्म शेतात गेलाय, झाड तहानलेलं मला लगेच कळतं.”

नवरा हसायला लागला, आणि त्याच्यामागे सगळे. गळतीची तक्रार करणारा माणूसच माझ्या झाडांना पाणी घालत होता! पाण्याच्या टँकरवर दिवस काढलेल्या आमच्या गावात उरलेलं पाणी कोणी फेकत नाही, हे मला माहीत असून सुचलं नव्हतं. मी हसले नाही. मला आता जोर चढला होता. मी ती ओली कुंडी बाजूला सरकवून खालची फरशी दाखवली. “बाटलीभर पाणी कुंडीतच जिरलंय, फरशी कोरडी आहे. मग काकांचा हॉल कशानं गळतो? चला, आता बाहेर बघू.”

फार शोधावं लागलं नाही. काकांच्या हॉलच्या बरोबर वर, टाकीच्या मागे, पावसाचं पाणी जाण्याची जाळी होती. तिच्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पानांचा गच्च थर. तिथे तळं साचलं होतं आणि कठड्याच्या भेगेत पाणी मुरताना डोळ्यांनी दिसत होतं. जाळी पावसाआधी साफ करून घ्यायचं काम सेक्रेटरींचं. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी वाकून स्वतःच्या हातानं पिशव्या काढल्या. पाणी गडगडत खाली गेलं आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

शेड राहील असं रजिस्टरमध्ये त्याच दिवशी लिहिलं गेलं. मी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

संध्याकाळी काका दाराशी आले. सात झाडं आपल्यामुळे कुजली हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. चेहरा एवढासा झाला होता. “मारलीच ना मी?” ते म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ते जमेना. मी सुरी घेतली आणि त्यांना वर नेलं. कुजलेला भाग कापत कापत वर जायचं, आत स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. मग उरलेला शेंडा मातीत न लावता नुसता सुकवत ठेवायचा. काकांचा विश्वास बसत नव्हता. कापलेलं झाड, तेही पाण्याशिवाय! सातातले चार शेंडे वाचले.

त्यातल्या एकाला यंदा मार्चमध्ये फूल आलं, झाडापेक्षा मोठं, गुलाबी. दुपारी मी ऑफिसातून हाफ डे घेऊन घरी आले तर गच्चीवर अर्धी बिल्डिंग जमलेली. काकांनी सगळ्यांना बोलावून आणलं होतं, सेक्रेटरींनासुद्धा. आणि ते हात मागे बांधून, मोठ्या आवाजात सांगत होते, “पावसाळ्यात थेंबभर पाणी घालायचं नाही. हीच तर खरी मेहनत आहे!” लोक त्यांचं अभिनंदन करत होते. मला कोणी पाहिलंही नाही. मी जिन्याच्या दारात उभी राहून ऐकत होते, आणि इतकी खूश होते की पुढे जाऊन काही सांगावंसंही वाटलं नाही.