काळ्या पॉलिशचं रिव्हॉल्वर

सगळ्यांची दिवाळी दसऱ्यानंतर वीस दिवसांनी येते, सोनाजी पांचाळाची मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच सुरू व्हायची. वसमतच्या बाजारात त्याचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. बापाच्या काळात निजामाचा परवाना, त्याच्या काळात परभणीच्या कलेक्टरचा. आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी हत्यार होतं ते सगळे दसऱ्याला त्याची पूजा करायचे. घरची बाई ओलं हळद-कुंकू बोटांनी नळीवर ओढायची, वर झेंडूचं फूल, आपट्याची पानं, आणि देवापुढं ते हत्यार रात्रभर तसंच राहायचं. सकाळी पुसलं की लोखंडावर बरोबर बोटांएवढे गंजाचे तांबडे डाग. मग पिशवीत घालून सगळे सोनाजीकडे.

डाग घासून काढायचे, औषध लावायचं, उकळत्या पाण्यात टाकायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा औषध. आठवडाभर असं केलं की निळसर काळा रंग चढायचा. ते काळं म्हणजे तरी काय, उकळून मारलेला गंजच. सोनाजीच्या हातचं काळं नांदेडपर्यंत नावाजलेलं होतं आणि त्याचा त्याला ताठा होता. असेना का. पण कुंकू कोरडं लावा, किंवा लावून लगेच पुसा आणि तेलाचा हात फिरवा, एवढं एक वाक्य त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. बापानंच बजावून ठेवलं होतं. आपल्याच पोटावर पाय कोण आणतो?

चौऱ्याण्णव साली त्याचे जुने दोस्त, डोंगरकड्याचे माणिकराव, यांना सहा वर्षांच्या खेट्यांनंतर रिव्हॉल्वरचा परवाना मिळाला. ते सोनाजीला घेऊन नांदेडच्या दुकानात गेले. लग्नाला वर्षच झालं होतं, म्हणून बायको गोजरबाईही साडी घ्यायच्या निमित्तानं सोबत होती. दुकानदारानं दोन रिव्हॉल्वर काढून गादीवर ठेवली. एक न गंजणाऱ्या स्टीलचं, पांढरं लख्ख. दुसरं काळ्या पॉलिशचं.

"सोनाजी, तू म्हणशील ते," माणिकराव म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"

गोजरबाई पदराआडून हळूच म्हणाली, "पांढरं बरं हाय. भांड्यावानी. पुसलं की झालं."

माणिकराव हसले. दुकानदार हसला. सोनाजीच्या मात्र लक्षात आलं की तिघा पुरुषांत जे कुणी बोललं नाही ते ही पोर बोलली. खरं उत्तर तेच होतं. पांढरं घेतलं असतं तर ते रिव्हॉल्वर पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी फारसं चढलं नसतं.

"भांडंच दिसतंय ते वहिनी," तो म्हणाला. "हत्यार हत्यारावानी दिसाय पायजे. काळ्याला शान हाय, माणिकराव."

खोटं काही बोलला नाही तो. काळ्याला शान असतेच. पण दोस्तानं विचारलं होतं ते हे नव्हतं. माणिकरावांनी काळं घेतलं.

पुढची तीन वर्षं दसरा झाला की माणिकराव रिव्हॉल्वर घेऊन यायचे. चार बोटांचे चार डाग, दर वर्षी त्याच जागी. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, काळं चढायचं. चौथ्या वर्षी ते आले नाहीत. पाचव्याही नाही. सोनाजी मनातून चरफडला. दुसरा कारागीर गाठला असणार, असं त्यानं धरून चाललं. बाजारात भेट झाली की दोघं पाऊसपाण्यावर बोलायचे, हळदीच्या भावावर बोलायचे, या गोष्टीवर नाही. विचारायला तोंड दुखत नव्हतं, पण ताठा आडवा आला. मग हिंगोली वेगळा जिल्हा झाला, परवान्याचे कागद तिकडे गेले, नवे परवानेवाले पांढरंच मागायला लागले, आणि सोनाजीच्या दुकानात दसऱ्यानंतरही माश्या बसायला लागल्या.

दोन हजार सहाला माणिकराव काविळीनं गेले. महिन्याभरानं गोजरबाई भावाला घेऊन दुकानात आली. भाऊ, किशनराव, पायरीखाली तंबाखू मळत उभा राहिला. तिचं कपाळ मोकळं, हात मोकळे. सोनाजीनं मान खाली घातली.

"ठाण्यात जमा करायचं हाय भाऊ," ती म्हणाली. "त्याच्या आधी जरा साफ करून द्या. त्यांची चीज हाय, अशी मळलेली द्यावं वाटंना."

तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेलं रिव्हॉल्वर काढलं. गाठ सोडली, पण कापडाचं टोक चिमटीत धरून. लोखंडाला बोट लागू दिलं नाही. सोनाजी म्हणाला, "धरा की वहिनी, गोळी न्हाई त्यात."

"गोळीचं भ्या न्हाई. माझा हात चालत न्हाई त्याला." हे ती इतक्या सहज म्हणाली की सोनाजीला आधी कळलंच नाही. "तुमाला ठावं न्हाई व्हय? मी कुंकू लावलं की गंज यायचा. बराबर माझ्या बोटाखाली. तीन वर्सं आत्याबाईनं, ह्यांच्या आईनं, बघितलं. मंग माझी पोरगी झाली, पाच महिन्यांची व्हऊन तापात गेली. आत्याबाई म्हनल्या, जो हात लोखंडाला खातो तो लेकराला काय सोडतो? पुढच्या दसऱ्याला त्यांनी मला देवघरात येऊ दिलं न्हाई. ह्यांनीच उभ्या उभ्या चिमूटभर कोरडं कुंकू टाकलं. आन् गंज आला न्हाई बघा. मंग बोलायला जागाच ऱ्हायली न्हाई."

चौथ्या वर्षी माणिकराव का आले नाहीत त्याचं उत्तर हे होतं, आणि सोनाजी आठ वर्षं दोस्तावर रुसून बसला होता.

ती सांगतच राहिली. गावात नवरीला हळद लावायला तिला कुणी बोलावलं नाही. गरोदर बाईची ओटी भरू दिली नाही. पुढं पुढं तीच बाजूला राहायला लागली. दिराच्या लेकरांना तिनं कधी कडेवर घेतलं नाही, न जाणो. माणिकराव वाईट बोलायचे नाहीत, पण आईला गप्पही करायचे नाहीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सोनाजीला मूठ झाकता आली असती. ठाण्यात रिव्हॉल्वर गेलं असतं आणि विषय संपला असता. त्याला तसं वाटलंही, उगाच कशाला म्हणायचं. पण समोर ती बाई स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "ते ओल्या कुंकवानं होतं. कुनाच्या बी हातानं आलं असतं. ह्या दुकानात येनाऱ्या परत्येक हत्यारावर तसेच डाग असायचे. मला ठावं होतं. पयल्यापासून ठावं होतं."

सोनाजी पुढं बोलत गेला.

"नांदेडला तुमी बराबर बोलला होता. पांढरं घेतलं असतं तर हे काईच झालं नसतं. मी माझ्या धंद्यासाठी काळं घ्याय लावलं."

"माझी पोरगी?" तिनं विचारलं. "ती बी माझ्या हातानं न्हाई?"

"न्हाई वहिनी. ताप होता तो."

"पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. मग तिनं भावाला वर बोलावलं आणि त्याच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायला लावलं. साक्षीदार लागतो तसा तिला तो लागत होता. सोनाजीनं एकही शब्द न गाळता सांगितलं, आणि मग ती रडली. नऊ वर्षांमागं गेलेल्या लेकरासाठी ती त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडली असावी.

"मंग तवाच काहून न्हाई बोलला तुमी?" ती शेवटी म्हणाली. "एवढंसं तर होतं. आता आत्याबाई न्हाईत, हे न्हाईत. मी कुनाला सांगू?"

सोनाजीनं रिव्हॉल्वर जीव ओतून साफ केलं, पैसे घेतले नाहीत, आणि एवढ्यानं काही भरून निघालं नाही हेही त्याला समजत होतं. त्यानंतर जो कुणी पूजेचं हत्यार घेऊन आला त्याला त्यानं कुंकू कोरडं लावायला सांगितलं. नवा परवानेवाला विचारायला आला की पांढरं घ्या म्हणायचा. दोन वर्षांत दुकान जवळजवळ बंद पडलं. बायको कुरकुरली, पण त्यानं ऐकलं नाही.

दोन हजार आठला किशनराव बाजारात भेटले. त्यांच्या नातवाचं बारसं नुकतंच झालं होतं. सोनाजीनं भीत भीत विचारलं, "वहिनी आल्या होत्या का?"

"आली होती की. सुनेनं मुद्दाम तिच्याच मांडीवर लेकरू द्यायचं ठरवलं. समद्यांना मी सांगून ठेवलं होतं, तुमी बोललेलं." किशनराव तळहातावर तंबाखू मळायला लागले. "लेकरू पुढं केलं तर तिनं दोनी हात मागं घेतले. मी म्हनलं, अगं घे, तुला सोनाजीनं सांगितलंय ना? तर म्हनली, दादा, मला समदं पटलंय रे. पर हाताला न्हाई पटत."