सहा नंबरची बस आणि कंपनीची गाडी

आमच्या घरासमोर बसथांबा आहे. रोज सकाळी मी तिथे डबा घेऊन उभी असते आणि आमच्या ह्यांची गाडी माझ्या नाकासमोरून निघून जाते. रिकामी! पुढची सीट मोकळी, मागची मोकळी, आणि मी ज्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करते, ते ह्यांच्या ऑफिसच्याच रस्त्यावर. नवीन राहायला आलेल्या शेजारणीने काही दिवस हे बघितलं आणि मग मला हळूच विचारलं, "तुमच्यात अबोला आहे का हो?"

अबोला कसला! गाडी कंपनीची आहे, एवढंच.

हे वजनकाटे तपासतात. दुकानांतले, गिरण्यांतले, दवाखान्यांतले. डिकीत लोखंडी वजनं, वळणावर गडगडू नयेत म्हणून पट्ट्याने आवळलेली. गावोगाव फिरायचं, काटा बरोबर करायचा, दुकानदाराशी चार गप्पा मारायच्या, पुढे निघायचं. ह्यांना विचाराल तर जगात याहून चांगली नोकरी नाही. गाडीला जपणं तर असं, की सासूबाई म्हणायच्या, "माझ्या लेकाचे दोन संसार आहेत." रोज सकाळी चाकांतली हवा बघणार, दिवे लावून बघणार, काच पुसणार. बारीकसा ओरखडा आला तरी त्याच दिवशी ऑफिसला कळवणार. घरच्या कामाला गाडी नाही, घरचं माणूस गाडीत नाही. माझी आई ट्रंक घेऊन स्टेशनवर उतरली, तर हे तिला आणायला बसने गेले आणि टॅक्सीने घेऊन आले. गाडी दारात उभी! आईने गाडीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि पाणी मागितलं.

"परवानगी घेऊन नेता येतं की हो कधीतरी," मी म्हणायचे.

"येतं की. पण आज आई, उद्या मावशी, परवा मावशीची नणंद. मग मी वजनं ठेवू कुठे?"

हॉर्नसुद्धा हे खासगी कामासाठी वाजवत नाहीत. माझ्यासमोरून जाताना आपलं सरळ समोर बघत जायचं, झापडं लावलेल्या टांग्याच्या घोड्यासारखं.

एका रविवारी आम्ही दोघं थांब्यावर उभे होतो, माझ्या बहिणीकडे निघालेले. लांबून बस आली आणि ह्यांनी हात केला. "चल, सहा आली." बस थांबली, मी एक पाय वर ठेवला आणि पाटी बघितली. आठ. कंडक्टर ओरडला, मी पाय मागे घेतला. "अहो, लक्ष कुठंय?" मी हसत म्हणाले. हे हसले नाहीत.

घरी परतल्यावर हे गॅलरीत उभे राहून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी बघत राहिले. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. नंतर आत येऊन माझ्यासमोर बसले.

"पाटी दिसते, पण अक्षरं पुसट. संध्याकाळी समोरून दिवे आले की सगळं पांढरंच. मला वाटत होतं, काच मळलीय."

आणि बिचारे रोज ती काच पुसत होते!

"ऑफिसला सांगायला हवं," हे म्हणाले.

सांगितलं की गाडी जाणार, गाडी गेली की फिरती गेली. मग निवृत्तीपर्यंत वर्कशॉपचा एक कोपरा आणि खोलून ठेवलेले काटे. हा माणूस त्या कोपऱ्यात वाळून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"आधी गुपचूप औषधपाणी करू ना," मी म्हणाले. "कोणी विचारलंय का तुम्हाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे गं. पण रस्त्यावर लोकांची पोरं चालतात."

मी भांडी आदळून घासायला घेतली. तीही आधीच घासलेली होती.

सोमवारी ह्यांनी गाडीला हातही लावला नाही. ऑफिसला फोन केला, "किल्ली घेऊन येतो, गाडी न्यायला मग कोणाला तरी पाठवा." आणि थांब्यावर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच एकत्र कामाला निघालो.

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "काय म्हणाल्या मॅनेजरबाई?"

"म्हणाल्या, ठोकल्यावर सांगायला येणारे पुष्कळ पाहिले, आधी येणारे तुम्हीच. डोळे दाखवा, तोवर वर्कशॉपमध्ये बसा. गाडी परत मिळेल असा शब्द मात्र देत नाही."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. एकाचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. मधले दिवस हे माझ्याबरोबर बसने यायचे. नंबर मी वाचायचे, तिकीट हे काढायचे. खरं सांगू? मला ते दिवस आवडले. डोकं टेकायला ह्यांचा खांदा असायचा, वाटेत कुठल्या दुकानातला काटा कसा रुसून बसतो ते ऐकायला मिळायचं. पण परतताना ह्यांचा चेहरा उतरलेला दिसला की माझा जीव तुटायचा.

शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलं, गाडी चालवायला हरकत नाही. तेवढ्यावर थांबतील तर हे कसले! मॅनेजरबाईंना म्हणाले, "कागदावर जाऊ नका, शेजारी बसून बघा." बाई बसल्या, दिवेलागणीला गावाबाहेर मोठी फेरी मारून आल्या आणि किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली. त्या दिवशी घरात शिरलेला माणूस शीळ घालत होता. मी ह्यांची शीळ लग्नानंतर थेट तेव्हाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थांब्यावर, हे रस्त्यापलीकडे चाकांतली हवा बघतायत. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. खांद्याची सवय झाली होती ना!

"अगं, सहा आली! पास काढ," हे पलीकडून ओरडले.

मी बघितलं तर कोपऱ्यावर नुसतं लाल काहीतरी वळत होतं. जवळ आली, तेव्हा खरंच सहा.

मी खिडकीशी बसले. थोड्या वेळाने शेजारून ह्यांची पांढरी गाडी पुढे गेली. हे आपले समोर बघत, टांग्याचा घोडा तो टांग्याचा घोडाच. आणि हॉर्न वाजला. एकदाच, अगदी छोटा.

संध्याकाळी मी विचारलं, "सकाळी हॉर्न कशाला वाजवलात?"

"सायकलवाला आडवा आला होता," हे ताटातून मान वर न करता म्हणाले.

मी खिडकीशीच बसले होते. रस्ता मोकळा होता.