सातवी 'क' जमिनीवर बसली

२००९ सालच्या डिसेंबरातल्या एका बुधवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, पनवेलमधल्या आमच्या सरकारी शाळेत सातवी 'क'च्या मुलांनी बाकांवर बसायला नकार दिला. वर्गात बाक होते. मुले बाकांच्या मधल्या जागेत, फरशीवर मांडी घालून बसली. त्या वेळी शिक्षण खात्याचे तपासणी अधिकारी वर्गाच्या दारात उभे होते.

मी सातवी 'अ'ची वर्गप्रतिनिधी होते. 'अ' पहिल्या मजल्यावर भरत असे, 'क' तळमजल्यावर. 'ब' नव्हती. पूर्वी होती का, हे शाळेत कोणालाही सांगता येत नसे. 'अ' सेमी-इंग्रजी होती, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. 'अ'मध्ये बाक, तीन पंखे आणि जगाचा नकाशा होता. 'क'मध्ये दोन लांब सतरंज्या होत्या आणि पंख्याची कडी होती.

तुकडी पाचवीच्या प्रवेशाला ठरे. मुख्याध्यापक मूल आणि पालक यांना समोर बसवून चार प्रश्न विचारत. बाजारपेठेतल्या दुकानदारांची आणि कचेऱ्यांतल्या कारकुनांची मुले वर गेली. सुकापूर, कोन या गावांकडची, मोहल्ल्यातली आणि इमारतींच्या कामांवर राहणारी मुले खाली गेली. मुख्याध्यापकांनी 'भेदभाव' हा शब्द कधी वापरला नाही. त्यांचा शब्द 'कलानुसार वर्गवारी' असा होता. कल चार प्रश्नांत समजत असे. कोनच्या एका मुलाच्या वडिलांनी जमीन विकून मोठी गाडी घेतली होती. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना आणायला शाळा ती गाडी मागवून घेई. मुलाचा कल तळमजल्याकडेच राहिला.

तपासणी वर्षातून एकदा होई आणि तिची पद्धत ठरलेली होती. अधिकारी आधी 'अ' पाहत. मग कार्यालयात चहा आणि पोहे. पोहे चालू असताना 'अ'ची मुले मैदानावर कवायतीला जात. 'क'ची मुले मागच्या जिन्याने वर येत आणि बाक उचलून खाली नेत. पोहे संपल्यावर अधिकारी 'क' पाहत, तेव्हा 'क'मध्ये बाक असत. दुपारी बाक त्याच जिन्याने वर येत. कोणता बाक कोणत्या रांगेतला हे चुकू नये म्हणून प्रत्येक बाकाच्या खालच्या बाजूला खडूने आकडा घालायचा. हे काम वर्गप्रतिनिधीचे होते. मी ते दोन वर्षे केले. माझे अक्षर चांगले होते.

यात कोणाला काही गैर वाटत नसे. तळमजल्यावर त्या दिवशी गणिताचा तास बुडत असे.

त्या वर्षी सुकापूरच्या एका मुलीला गैर वाटले. ती 'क'मध्ये पहिली येत असे. तिचे वडील टेम्पो चालवत. आमची शाळा सातवीपर्यंतच होती; पुढे हायस्कूल शोधावे लागे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एकदा मागच्या जिन्यावर माझ्यासाठी थांबली.

"तुला शिष्यवृत्तीचा फॉर्म मिळाला?" तिने विचारले.

"हो. आम्हाला सगळ्यांना नाही. अकरा जणांना."

"मी मागितला. सर बोलले, वरच्यांनाच मिळतो." ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "आमचा बा बोल्ला, परीक्षेला बसवली तर आठवीत घालीन. शाळाच बसवीत नाय, तर पोरीत काय नसंल. मंग घरीच ऱ्हा."

"पण शिष्यवृत्तीचा जादा वर्ग असतो. तो करावा लागतो."

"कवा असतो?"

"रोज. शाळा सुटल्यावर."

"आमी तवा सतरंज्या झाडतो," ती म्हणाली.

शाळेच्या फाटकाशी एक रंगवलेला फळा होता. त्यावर 'शिष्यवृत्ती परीक्षा : निकाल १००%' असे दरवर्षी नव्याने लिहीत. हा निकाल राखण्याची रीत सोपी होती. जे नक्की उत्तीर्ण होणार, त्यांनाच परीक्षेला बसवायचे. 'क'मधून आजवर कोणी बसले नव्हते, त्यामुळे 'क'मधून कोणी नापासही झाले नव्हते. मुख्याध्यापक ही गोष्ट पालकसभेत 'क'च्या बाजूने सांगत.

त्याच आठवड्यात मराठीच्या बाईंनी खालच्या वर्गाला पत्रलेखन शिकवले. विषय दिला होता : शाळेत ग्रंथालयाची सोय व्हावी म्हणून विनंतीपत्र लिहा. सुकापूरच्या मुलीने विषय बदलला. पत्र शिक्षण अधिकाऱ्यांना उद्देशून होते. लिहिले मोहल्ल्यातल्या एका मुलाने, कारण त्याचे वडील दुबईला होते आणि वर्गात सर्वांत चांगले पेन त्याच्याकडे होते. पत्रात दोन मागण्या होत्या. आम्हांस शिष्यवृत्तीचे अर्ज मिळावेत. आम्हांस बाक मिळावेत. सतरंजीवर बसण्यास आमची हरकत नाही, परंतु मग सर्वांनीच बसावे. खाली, शिकवल्याप्रमाणे, 'आपले आज्ञाधारक, अ. ब. क.' असे लिहिले होते. परीक्षेत पत्राखाली स्वतःचे नाव घातले की उत्तरपत्रिका ओळखू येते, म्हणून नाव कधीही घालायचे नाही, असे आम्हां सर्वांना तिसरीपासून शिकवले होते.

पत्र गृहपाठाच्या वह्यांबरोबर बाईंच्या टेबलावर गेले. दोन दिवसांनी परत आले. त्यावर लाल शाईने शेरा होता : तारीख उजव्या कोपऱ्यात हवी. 'परंतु मग' ऐवजी नुसते 'परंतु' पुरे. विषयाची मांडणी चांगली. आठपैकी सात.

पुढचा प्रसंग मला 'क'मधल्या मुलांनी नंतर सांगितला, आणि तिघांनी तो सारखाच सांगितला.

"या अल्ला, सात!" दुबईच्या पेनवाला म्हणाला. "बाई आपल्याला पाचच्या वर कंदी गेल्या नाहीत. मी हे घरी दाखवणार."

"येड्या, मार्क नाय पायजे. फॉर्म पायजे," सुकापूरची मुलगी म्हणाली.

"मार्क तर मिळाले ना? फॉर्म पण मिळंल. इन्शाल्ला."

"बाईंकडून?"

"तो साहेब येणार हाय ना तपासणीचा. त्याच्या हातात देऊ."

"मंग त्या दिवशी बाकावर बसायचं नाय कुणी," ती म्हणाली. "बाकावर बसलो तर कागद खोटा पडंल."

तपासणीच्या दिवशी सर्व काही वेळेवर झाले. अधिकाऱ्यांनी 'अ'मध्ये इंग्रजीतून पाढे ऐकले. पोहे आले. आम्ही कवायतीला गेलो. 'क'ने बाक खाली नेले, रांगेत लावले, पुसले आणि मग ती मुले जमिनीवर बसली.

"बाक असताना खाली का बसलात?" अधिकाऱ्यांनी दारातूनच विचारले.

"योगासनं, सर," मुख्याध्यापक म्हणाले. "आपण येईपर्यंत पद्मासन चालू होतं."

हे ऐकून मागच्या रांगेतल्या दोघांनी डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी समाधानाने मान हलवली आणि खिशातून पेन काढले.

सुकापूरची मुलगी उभी राहिली. "योगासनं नाय, सर. बाक वरचे हायेत. तुमी गेलात का परत वर जातील."

"ग्रामीण भागातली मुलं आहेत, सर," मुख्याध्यापक म्हणाले. "भाषेचा जरा प्रश्न आहे."

"भाषा कळली मला," अधिकारी म्हणाले. "वरच्या वर्गाच्या मॉनिटरला बोलवा."

शिपाई मला मैदानावरून घेऊन गेला. इथून पुढचे मी स्वतः पाहिले आहे.

"हे बाक कुणाचे?" अधिकाऱ्यांनी मला विचारले.

मुख्याध्यापक माझ्याकडे पाहत होते. सुकापूरची मुलगीही पाहत होती.

"शाळेचे, सर," मी म्हणाले. उत्तर खरे होते.

कोनच्या मुलाने शेजारचा बाक आडवा केला. खालच्या बाजूला खडूने '७ अ' आणि त्याखाली 'रांग २' असे होते.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, सर." हेही खरे होते.

अधिकाऱ्यांनी बाक सरळ करायला सांगितला. मग दुबईच्या पेनवाल्याने त्यांच्या हातात पत्र दिले. दुसरी प्रत काढलेली नव्हती, त्यामुळे बाईंची लाल शाई आणि आठपैकी सात हे त्यावर होते. अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचले.

"पत्र उत्तम आहे," ते म्हणाले. "पण निनावी आहे. निनावी अर्जावर कार्यवाही करता येत नाही. नियम आहे."

"नाव कसं लिवणार, सर?" दुबईच्या पेनवाला म्हणाला. "नाव लिवलं की पेपर रद्द."

"अरे, ते परीक्षेत, बाळा," मराठीच्या बाई मागून म्हणाल्या.

"मग आता खरी नावं लिहा," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी पत्र पहिल्या बाकावर ठेवले.

कोणी पुढे आले नाही. मुख्याध्यापक मुलांकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "लिहा, लिहा. विचार करून लिहा हं. पुढच्या शाळेत जाताना दाखला लागतो. त्यावर सही शेवटी माझीच असते."

सुकापूरची मुलगी पुढे आली. तिने पेन घेतले आणि 'अ. ब. क.' खाली स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिले. मग बसली. तिच्यानंतर दुबईच्या पेनवाल्याने सही केली, कारण पेन परत घ्यायला तो उठलाच होता. मग कोनचा मुलगा आला.

"तू पण?" मुख्याध्यापक म्हणाले. "तुझ्या वडिलांना काय सांगू मी?"

"सांगा, औंदा पाव्हण्यांना रिक्षानं आणू."

वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी नावे लिहिली. बाकीच्यांनी लिहिली नाहीत. मला कोणी सही मागितली नाही. मीही पुढे झाले नाही.

दुपारी बाक वर गेले. ते 'क'च्या मुलांनीच नेले. 'अ'च्या मुलांना बाक उचलण्याची सवय नाही, असे कारण शिपायाने दिले.

अधिकाऱ्यांचा शेरा मला माहीत आहे, कारण सूचनाफलकासाठी तो चांगल्या अक्षरात उतरवून काढायला मलाच सांगितले होते. योगाचा उपक्रम स्तुत्य. विद्यार्थी धीट आहेत. पत्रलेखनाचा सराव समाधानकारक. आसनव्यवस्था व शिष्यवृत्ती अर्जांबाबत तक्रार प्राप्त, चौकशी व्हावी. शेवटचे वाक्य फलकावर घेऊ नये, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. मी घेतले नाही. चौकशीचे काय झाले, हे मला कळू शकले नाही.

पुढच्या आठवड्यात अधिकाऱ्यांच्या कचेरीतून फोन आला : 'क'मधूनही कोणाला तरी शिष्यवृत्तीला बसवा. अर्ज भरायची मुदत संपायला तीन दिवस होते. मुख्याध्यापकांनी सुकापूरच्या मुलीच्या वडिलांना बोलावले. ते टेम्पो फाटकाबाहेर लावून आले. मी हजेरीपट ठेवायला कार्यालयात गेले होते, आणि कोणी जायला सांगितले नाही म्हणून थांबले.

"मुलगी हुशार आहे हो तुमची," मुख्याध्यापक म्हणाले. "प्रश्न तिचा नाहीच. उद्या नापास झाली, तर शाळेच्या टक्केवारीचं काय?"

"टक्केवारी तुमची हाय. पोर माजी हाय."

"मग लिहून द्या. नापास झाली तर जबाबदारी पालकांची."

"देतो." वडिलांनी कागद पुढे ओढला. "आन पास झाली तर कुणाची, ते बी लिवा त्यात."

ते लिहिले गेले नाही. पहिले वाक्य लिहिले गेले आणि वडिलांनी त्याखाली सही केली. बाहेर पडताना त्यांनी मुलीला विचारले, "आता बसवली ना तुला?" ती म्हणाली, "बसवली." ते म्हणाले, "मंग अभ्यासाला लाग. आठवीचं मी बघतो."

परीक्षेच्या यादीत अकरा नावांखाली लाल रेघ होती आणि रेघेखाली तिचे नाव होते. जादा वर्गात तिला घेतले नाही. जागा नाही, असे कळवण्यात आले. वर्गात एक बाक रिकामा होता. मराठीच्या बाई मधल्या सुट्टीत तिला सरावाच्या प्रश्नपत्रिका देत आणि वहीत घालून परत घेत. त्यांनी हे मुख्याध्यापकांना सांगितले नव्हते. 'क'ने तिचे सतरंजी झाडण्याचे दिवस आपसांत वाटून घेतले.

ती परीक्षेला बसली. मीही बसले. निकालात आम्ही दोघी उत्तीर्ण होतो. दोघींपैकी कोणीही गुणवत्ता यादीत नव्हते. फाटकाच्या फळ्यावर 'निकाल १००%' असे रंगवून त्याखाली बारा नावे लिहिली. फळ्यावर रेघ नव्हती. मुख्याध्यापकांनी पालकसभेत सांगितले की तळमजल्यालाही संधी देण्याचे धोरण शाळेने प्रथमपासून ठेवले आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असे. माझ्या दाखल्यावर त्यात 'उत्तम' होते. तिच्या दाखल्यावर 'बरी' होते. हायस्कूलच्या कारकुनाने तो रकाना वाचून तिच्याकडे पाहिले.

"काय केलं होतंस ग?"

"अर्ज," ती म्हणाली.

त्याने दाखला फाइलमध्ये लावला. त्या हायस्कूलमध्ये आठवीच्या चार तुकड्या होत्या. मला 'अ' मिळाली आणि तिला 'ड'. जूनमध्ये शाळा उघडली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात पाहिले. ती हजर होती.