तिसऱ्यांदाही ऐकवेल असं गाणं

मामाजी गेले त्या दुपारी मी बँकेत होतो. शेजारच्या मुन्नीबाईंचा फोन आला, "भैया, जल्दी आओ, मामाजी उठ नईं रए." मानिक चौकातल्या त्या गल्लीत दुपारी स्कूटरही शिरत नाही, म्हणून गाडी बाहेरच टाकून मी पळत सुटलो. जिना चढून वर गेलो तर मामाजी आरामखुर्चीत नेहमीसारखे रेललेले, चष्मा छातीवर, आणि मांडीवरच्या फोनमधून कुणीतरी बारीक आवाजात अस्वलाच्या लग्नाचं गाणं म्हणत होतं. गाणं संपायचं आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. तेवढ्यात डॉक्टर आले. नाडी पाहिली, डोळे पाहिले, माझ्याकडे बघून मान हलवली. मग त्या फोनकडे बघत हळूच विचारलं, "घर में छोटा बच्चा है क्या?" मी म्हटलं, "नहीं, अकेले रहते थे." "तो फिर ये...?" मी म्हणालो, "ढूँढ रहे थे." डॉक्टरांना काही उलगडा झाला नाही, आणि मलाही त्या वेळी काही समजावून सांगता येईना. आज काही आठवडे उलटल्यावर सांगून बघतो.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. महाराष्ट्रातल्या वाचकांना 'मामा'च्या पुढचा हा 'जी' खटकेल, पण झाशीत कित्येक पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत नात्यांना असे 'जी' कधी चिकटले ते कुणालाच ठाऊक नाही. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून तोंडावर हात धरून हसतात. हसोत बापडे. मामाजींनी नोकरीची सगळी वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे काढली. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतरही खिडकी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. एखादी गोष्ट मनातून उतरली की चुटकी वाजवून म्हणायचे, "अगला!" भाजी फसली, अगला. पुढाऱ्याचं भाषण लांबलं, अगला. एकदा सत्यनारायणाच्या कथेतही त्यांच्या तोंडून ते निसटलं होतं, आणि भटजींनी खरोखरच पुढचा अध्याय सुरू केला होता.

गाण्यांचं वेड सुरू झालं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर. माझी मुलगी चिनू तेव्हा चार वर्षांची असेल. फोन समोर उभा केल्याशिवाय घास गिळायची नाही. फोनमधून एक कर्कश बाई इतक्या उत्साहात आकडे गात असे, की तिला कुणीतरी पाणी तरी द्यावं असं वाटे. त्यापासून वाचायला माझ्या कानात माझी जुनी गाणी, आणि रचनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानात तिचं काहीतरी. मामाजी जेवायला आले होते. त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि वरणभात कालवता कालवता म्हणाले, "एका टेबलावर जेवता आणि तीन गावची गाणी ऐकता? शाबास." मी म्हटलं, मामाजी, लहान मुलांची गाणी मोठ्यांना सोसत नाहीत, काय करणार. झालं, ते उखडले. "शिरा करतोस तेव्हा पोरीसाठी वेगळा करतोस का रे, मिल्या? तोच शिरा पोर खातं, तोच म्हातारं खातं. मग गाण्यालाच काय धाड भरलीय? जे आईबापाला सोसवत नाही ते लेकराच्या कानात कशाला ओतायचं?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, बडोदा, जिथे जिथे नातलग तिथे तिथे फोन. "तुमच्याकडे पोरांना काय ऐकवता?" एका चुलतबहिणीला वाटलं, मामाजींनी या वयात दुसरं लग्न केलं की काय. रविवारी आम्ही चौघं बरुआसागरला जायचो. निमित्त तिथलं आलं आणि ताजी भाजी आणण्याचं, खरं म्हणजे तलावाकाठी बसून भजी खायची असायची. त्या गाडीत मामाजींची परीक्षा चाले. मामाजी पुढे माझ्या शेजारी, रचना आणि चिनू मागे. एकेक गाणं लागोपाठ तीनदा वाजायचं. नियम साधा होता. पहिल्यांदा कुठलंही गाणं बरं वाटतं, दुसऱ्यांदा खपून जातं, तिसऱ्यांदाही तिघांपैकी कुणी "बस" म्हटलं नाही तर ते पास. मी भरपूर नापास करायचो. चिनू तर पहिल्या फेरीतच "बोरिंग!" म्हणून मोकळी व्हायची. रचना मात्र दर वेळी म्हणायची, "अच्छा है, मामाजी."

या 'अच्छा है'नं आमचा घात केला. बेतवाच्या पुलावर एकदा ट्रकांची रांग लागली होती, माझं लक्ष कशातच नव्हतं, चिनू झोपली होती, आणि एका पोपटाचं गाणं रचनाच्या एकटीच्या मतावर पास झालं. तो पोपट शिट्टी वाजवून पाढे म्हणायचा. सबंध हिवाळा आम्ही तो पोपट ऐकला. मामाजी पास झालेलं गाणं बदलत नसत, कन्फर्म तिकीट ते कन्फर्म तिकीट. सतराचा पाढा लागला की मला आजही स्टिअरिंग घट्ट धरावंसं वाटतं.

एके दिवशी पोपट दुसऱ्यांदा शिट्टी वाजवत असताना चिनू मागून शांतपणे म्हणाली, "मम्मी को तो इनमें से एक भी अच्छा नहीं लगता. मम्मी तो किचन में अपना वाला गाती है." आरशात पाहिलं तर रचनाचा चेहरा लालबुंद. मामाजी मागे वळले, "काय गं सूनबाई, खरं का?" रचना झाशीजवळच्या मोठ गावची. तिथल्या बुंदेली घरांत सासरेमंडळींना सून तोंडावर "नाही" म्हणत नाही, आणि त्यांच्यासमोर गाणं तर लांबच राहिलं. मामाजी नवऱ्याचे मामा, म्हणजे सासऱ्याच्याच जागी. त्यांनी निवडून आणलेल्या गाण्याला ती "बंद करो" म्हणणार तरी कशी? मामाजींनी परीक्षा घ्यायला बसवली ती नेमकी अशी परीक्षक, जिला नापास करायची मुभाच नव्हती. हे ना त्यांच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "हत् तेरे की! म्हणजे इतके दिवस मी खिडकी बंद ठेवून तिकिटं वाटत होतो." आणि पोपटाला चुटकी वाजवली, "अगला!" ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

पण 'अगला' होता रचनाच्या पोटात आणि तो काही बाहेर येईना. मामाजींनी आर्जव केलं, मी केलं, चिनूनं तर हातपाय आपटले. "आपके सामने कैसे गाएँ, मामाजी..." एवढंच ती म्हणे आणि ओढणी सारखी करी. पुढच्या रविवारी मामाजी गाडीत बसले ते खांद्यावर लाल चौकड्यांचा गमछा टाकून. शहर मागे पडल्यावर त्यांनी तो उलगडला आणि डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. "सूनबाई, घूंघट तू नको घेऊस. मी घेतो. अब सामने कोई नहीं है. गा." टोल नाक्यावरच्या माणसानं वाकून आत पाहिलं आणि मला विचारलं, "बाबूजी की तबीयत खराब है?" गमछ्याच्या आतून उत्तर आलं, "हम सुन रहे हैं, भैया, तुम पैसे लो." त्यावर रचनाला जे हसू फुटलं... लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ती अशी पोट धरून हसताना मी कधी पाहिली नव्हती. आणि त्या हसण्याच्याच ओघात तिनं गायला सुरुवात केली.

तिच्या आईनं मोठला, गवत कापता कापता रचलेलं बकरीचं गाणं होतं ते. "बुकरिया चली हाट खों, ओढ़ें लाल चुनरिया..." बकरी लाल चुनरी ओढून बाजाराला निघते, वाटेत नदी लागते, नाला लागतो, ती ठुमकत घरी येते, आणि मग पोरांनी विचारायचं, काय आणलंस? मनात येईल ते उत्तर द्यायचं, आणि बकरी पुन्हा बाजाराला. चाल अशी, की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. तिसऱ्या फेरीला मला कळलं की मी ब्रेकवर ठेका धरलाय. कुणीही "बस" म्हटलं नाही. बरुआसागर आलं तरी गाडीतून कुणी उतरेना.

पुढे त्या गाण्यात प्रत्येकाला आपापली जागा मिळाली. बकरीची चाल रचनाची. "में-में" माझं, बँकेतला असिस्टंट मॅनेजर या नात्यानं मी ते पूर्ण जबाबदारीनं करतो. उत्तर चिनूचं. तिच्या बकरीनं बाजारातून आलं आणलं, हत्ती आणला, माझं टक्कल आणलं, एकदा शाळेच्या बाईंनासुद्धा आणलं. आणि प्रश्न मामाजींचा. तो त्यांनी मराठीत केला होता, "काय आणलंस, काय आणलंस, दाखव गं शेळीबाई?" माझ्या मुलीला मराठी कळतं पण बोलताना ती हिंदीत घसरते, या दुखण्यावर त्यांनी कधी प्रवचन दिलं नाही. नुसता प्रश्न मराठीत विचारायचे. चिनू हिंदीत, बुंदेलीत, वाट्टेल त्या भाषेत उत्तर द्यायची आणि ते मान डोलवायचे.

मामाजींना ताल मात्र अजिबात नव्हता. त्यातून डोक्यावर गमछा. बकरी नाल्यापाशी पोचायच्या आतच त्यांचा प्रश्न यायचा. रचना गाण्यात पक्की, तिला ते सहन व्हायचं नाही. पण बोलायची सोय नव्हती. बरेच रविवार तिनं ओठ दाबून काढले आणि एक दिवस बांध फुटला. "ठैरो मामाजी! अबै बुकरिया घरै नईं पोंची!" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मामाजींनी गमछा वर केला. चेहरा असा फुलला होता की जणू कुणी पेढे वाटलेत. "मिल्या, ऐकलंस? सूनबाईनं मला नाही म्हटलं!" त्या दिवसानंतर गमछा खांद्यावरच राहू लागला. त्यांची घाई मात्र गेली नाही. मला दाट संशय आहे, पुढे पुढे ते मुद्दाम लवकर विचारायचे, रागावून घ्यायला.

एवढं सापडल्यावरही त्यांचा शोध थांबला नव्हता. "एका शेळीवर संसार चालतो का रे?" म्हणायचे. शेवटच्या दुपारी ते अस्वलाला तपासत होते. अस्वल तिसऱ्या फेरीला पास झालं असतं की नाही, ते आता कळायचा मार्ग नाही. मी ते गाणं नंतर लावून पाहिलं. मला पूर्ण ऐकवलं नाही... ते गाण्यामुळे की त्यांच्यामुळे, सांगता येत नाही.

ते गेल्यावर घरात गाणं बंद झालं. चिनूनं रडून घेतलं आणि मग ती गप्प झाली. जेवताना फोन मागू लागली. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा कानात बोंडं घालून बसलोय, समोर रचनाही तशीच. मला मनापासून भीती वाटली. मामाजी गेले ते गेले, पण त्यांनी इतक्या खटपटीनं एका टेबलावर आणून बसवलेलं हे घर पुन्हा तीन गावांना जाणार की काय? एकदा स्वयंपाकघरात रचना हळूच गुणगुणली, बकरी घरी आली, आणि तिथेच ती थांबली. विचारणारं कुणी नव्हतं. मी प्रश्न विचारून पाहिला, अगदी तालात, सुरात. चिनूनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि ती फोनमध्ये डोकं घालून बसली.

गेल्या रविवारी मीच हट्टानं गाडी काढली. पुढची जागा रिकामी राहिली, कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. बेतवाचा पूल ओलांडला. मग रचनानं खिडकीबाहेर बघत सुरू केलं. बकरी निघाली, लाल चुनरी ओढली, नदी आली. बकरी नाल्यापाशी जेमतेम येत होती, तोच मागून खणखणीत, ताल सोडून, घाईघाईनं आलं, "काय आणलंस, काय आणलंस, दाखव गं शेळीबाई?" चिनू होती. सगळी ओळ, मराठीत.

आणि गाणं मध्येच तोडून रचना सवयीनं ओरडली, "ठैरो मामाजी! अबै बुकरिया घरै नईं पोंची!"

मी गाडी कडेला घेतली. रचना ओढणीत तोंड खुपसून रडत होती, हसतही होती, आणि माझं काही वेगळं चाललं नव्हतं. चिनूनं आम्हा दोघांकडे थोडा वेळ पाहिलं. मग आईचा हात हलवून म्हणाली, "मम्मी, फिर से." रचनानं नाक पुसलं आणि बकरीला पुन्हा बाजाराला धाडलं. या खेपेला नदीसुद्धा यायची होती, तेवढ्यात चिनूनं विचारून टाकलं.